आशाताई ९०: उडती गाणी किती घ्यायची?

प्रेषक: सचिव
दिनांक: १२ ऑगस्ट २०२३
विषय: आशाताई ९०, कार्यक्रमाचा कच्चा आराखडा

नमस्कार मंडळी,

८ सप्टेंबरला आशाताईंना, म्हणजे आशा भोसल्यांना, नव्वद पूर्ण होताहेत. त्या दिवशी त्या स्वतः दुबईच्या कोका-कोला अरीनात गाणार आहेत. या वयात! आपण इंग्लंडातली मंडळी मात्र दुसऱ्या दिवशी, शनिवारी ९ तारखेला, आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये जमणार आहोत. वेळ दुपारी ४ ते ८.

समितीने ठरवलेलं असं: पूर्वार्धात नाट्यपदं आणि भावगीतं, मध्यंतर, उत्तरार्धात मराठी-हिंदी चित्रपटगीतं. वेळ उरलाच तर शेवटी दोन-तीन उडती गाणी. हरकती-सूचना लवकर कळवा, म्हणजे वादकांना तयारीला वेळ मिळेल.

आपला,
सचिव

---

प्रेषक: आप्पा
विषय: उत्तर: आशाताई ९०

सचिवसाहेब,

आराखडा उत्तम आहे. फक्त ते ‘वेळ उरला तर’सुद्धा काढून टाका, कारण वेळ उरवला जातो हे मी बऱ्याच वर्षांपासून पाहतो आहे. मास्टर दीनानाथांची ही मुलगी. वडिलांची नाट्यपदं तिने गायली, ‘जिवलगा’ गायली, ‘मलमली तारुण्य माझे’ गायली. एवढं सोनं हाताशी असताना ‘दम मारो दम’ कशाला? ती गाणी त्यांना पोटासाठी गावी लागली. ज्या काळात त्या एकट्याने मुलं वाढवत होत्या त्या काळात मिळेल ते काम घ्यावं लागत होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नव्वदीला आपण ते उगाळत बसू नये.

आणि पॉपबिप तर अजिबात नको.

आप्पा

---

प्रेषक: कीबोर्ड (डर्बी)
विषय: उत्तर: उत्तर: आशाताई ९०

आप्पा, साष्टांग नमस्कार. पण या वेळी भांडणार.

‘मलमली तारुण्य माझे’ची चाल कोणाची? सी. रामचंद्रांची, ‘घरकुल’, १९७०. याच अण्णांनी १९५७ मध्ये ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डीका’ केलं. ते एकदा किशोरकुमारांनी गायलं आणि एकदा आशाताईंनी. असं सांगतात की बाहेर खेळणाऱ्या पोरांच्या बडबडगाण्यावरून अण्णांना शब्द सुचले, आणि त्यांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्याला ‘माका नाका’ची कोंकणी पुस्ती जोडली. म्हणजे हे रॉक अँड रोल पुणतांब्याच्या माणसाने आणि गोंयकाराने मिळून केलेलं. त्याला परकं म्हणायचं तर मग ‘मलमली’लाही म्हणा.

आता पंचमदांचा, म्हणजे आर. डी. बर्मन यांचा, ‘तीसरी मंझिल’, १९६६. ‘आजा आजा’ मी परवा काकूंबरोबर बसवायला घेतलं. चाल अवघड नाही, माझा सात वर्षांचा मुलगा गुणगुणतो. अडतं ते त्या तुटक ‘आ’वर. प्रत्येक तुकडा छातीतून फेकायचा, फेकल्या फेकल्या तोडायचा, पुढचा तुकडा थेट नेमक्या सुरावर पडला पाहिजे, आणि लयीत श्वास घ्यायला जागाच नाही. काकू तिसऱ्या फेरीला खुर्चीत बसल्या. मी सगळं गाणं दोन सूर खाली घेतलं, तर त्यातली चमकच गेली. खालच्या पट्टीत ते गाणं कण्हल्यासारखं वाटतं. आशाताई स्वतः सांगतात की त्या गाडीत बसून याचा सराव करायच्या आणि ड्रायव्हरला वाटलं बाईंना दम लागलाय, दवाखान्यात न्यावं का. ज्या गळ्याला नाट्यपदाची तान लहानपणापासून ऐकून माहीत होती, त्याच गळ्याने हे निभावलं. पोटासाठी गाणारा माणूस एवढी मेहनत घेत नाही हो, आप्पा. काम उरकतो.

पुढचं तर आपल्यापैकी बरेच जण विसरतात. १९९७ मध्ये, तिशीपस्तिशीतली मंडळी इंडीपॉप गाजवत असताना, संगीतकार लेझली लुईसबरोबर आशाताईंचा ‘जानम समझा करो’ हा पॉप अल्बम आला. वय त्रेसष्ट-चौसष्ट. त्या वयात आपल्या मंडळात ‘आता नवीन काही बसवायला सांगू नका’ म्हणतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या चमूबरोबर पंचमदांची गाणी पुन्हा गायल्या. तबल्यावर झाकीर हुसेन, ग्रॅमीला नामांकन. हे कोणी पोटासाठी करत नाही.

कीबोर्ड

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: आशाताई ९०

गाणी कोणतीही घ्या. हॉल ८ ला सोडायचा म्हणजे ८ ला झाडून-पुसून, खुर्च्या रचून सोडायचा. ड्रमसेट भाड्याने आणायचा असेल तर आत्ताच सांगा. १९ तारखेला गणपती बसताहेत, मखराचे पैसे अजून जमायचेत.

---

प्रेषक: एक सभासद (लेस्टर)
विषय: ब्रिमफुल ऑफ आशा

सर्वांना नमस्कार. मी इथेच वाढले, मराठी लिहायची सवय कमी आहे, सांभाळून घ्या.

१९९८ च्या फेब्रुवारीत कॉर्नरशॉप या बँडचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ डीजे नॉर्मन कुकच्या रिमिक्समध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं. आमच्या लेस्टरमध्ये जमलेला बँड! शाळेच्या बसमध्ये सगळी मुलं ते म्हणायची आणि कोणालाही ही आशा कोण ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. आईच्या कॅसेटवर त्याच बाईचं ‘रेशमाच्या रेघांनी’ होतं. शाळेत आपल्या घरातल्या एखाद्या गोष्टीबद्दल मला पहिल्यांदाच कोणी काही विचारलं, ते तेव्हा.

ते गाणं त्यांनी गायलेलं नाही, त्यांच्यावर आहे, हे मला कळतं. म्हणून मुख्य कार्यक्रमात नको. मध्यंतरात लावाल का? माझ्या वयाची मंडळी निदान चहा घ्यायला तरी आत येतील.

---

प्रेषक: काकू
विषय: उत्तर: ब्रिमफुल ऑफ आशा

मी खुर्चीत बसले ते गुडघ्यामुळे. श्वासामुळे नाही. नोंद असावी.

आप्पा, तुम्हाला आठवत असेल, ‘बुगडी माझी सांडली गं’ आलं १९५९ ला, ‘सांगत्ये ऐका’मध्ये. आमच्या घरी रेडिओवर लागलं की आजी आवाज बारीक करायची. बैठकीतल्या माणसांसमोर मुलींनी असलं काय ऐकायचं! आज तेच गाणं तुम्ही उत्तरार्धात ‘मराठी चित्रपटगीतं’ म्हणून मानाने घेताय. मग पंचमच्या ‘पिया तू’ने काय घोडं मारलंय? माणसं एखाद्या गाण्याला उडतं म्हणतात आणि वीस वर्षांनी तेच गाणं जुनं सोनं होतं. आशाताईंनी त्याची वाट बघितली नाही, एवढंच.

सुरेश भटांचं, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतलं ‘तरुण आहे रात्र अजुनी’ घ्या. त्यातही श्वासच गातो. कुठे थांबायचं, किती थांबायचं, शब्द सोडताना किती हवा जाऊ द्यायची. पंचमच्या गाण्यात हे सगळं वेगात होतं, हृदयनाथांकडे सावकाश. मी दोन्ही गाणार आहे, आणि लागोपाठ गाणार आहे. बघू कोणाची काय हरकत आहे.

काकू

---

प्रेषक: आप्पा
विषय: उत्तर: उत्तर: ब्रिमफुल ऑफ आशा

काकूंशी वाद घालण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

‘घरकुल’चा मुद्दा मान्य. पण मग हे पूर्वार्धात गंभीर आणि उत्तरार्धात उडतं असं पानात वाढल्यासारखं करू नका. संगीतकारांप्रमाणे लावा. अण्णांच्या भागात ‘ईना मीना डीका’ आणि ‘मलमली’ शेजारी शेजारी येऊ देत. मग ओ. पी. नय्यर, मग हृदयनाथ, मग पंचम. सुरुवात मात्र दीनानाथांच्या पदाने, त्यात तडजोड नाही. ते लुईस प्रकरण येईल तेव्हा मी बाहेर पाय मोकळे करायला जाईन. मध्यंतरात काय वाजवायचं ते वाजवा, तेव्हा मी समोशाच्या रांगेत असेन.

आप्पा

---

प्रेषक: सचिव
विषय: अंतिम क्रम आणि तालीम

आप्पांचा क्रम समितीने स्वीकारला आहे, फक्त लावणी आणि शेवटचं गाणं त्यात जोडलं आहे. दीनानाथ, सी. रामचंद्र, लावणी, ओ. पी. नय्यर, मध्यंतर, हृदयनाथ, पंचम आणि शेवटी ‘जानम समझा करो’मधलं एक. काकूंची दोन गाणी हृदयनाथ आणि पंचम यांच्या सांध्यावर बरोबर लागोपाठ येतात. मध्यंतरात लेस्टरकरांचं गाणं. ड्रमसेट आणणार, खजिनदारांनी नोंद घ्यावी.

एकच बाब राहिली. ‘पिया तू’मध्ये ‘मोनिका’ची हाक मूळ गाण्यात खुद्द पंचमदांनी दिली आहे. ती द्यायला कालपासून मला नऊ जणांचे वैयक्तिक ईमेल आले, त्यात समितीचे तिघे आहेत. निवड तालमीत, माईकशिवाय होईल. येताना घसा सांभाळून या आणि आपापल्या पाण्याच्या बाटल्या आणा.

सचिव