प्रतिसाद: डनचा पुतळा आणि स्टोनची वही

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधला इंग्रज कवी जॉन डनचा कफनात गुंडाळलेला पुतळा शिल्पकार निकोलस स्टोनने एकहाती कोरला, असं मूळ लेखात म्हटलंय. त्यात थोडी भर. स्टोनची हिशेबवही लंडनच्या सोन संग्रहालयात आहे. १६३१ च्या या स्मारकाचे त्याला १२० पौंड मिळाले आणि पुतळा पुरा करण्याचे ८ पौंड त्याने आपल्या हाताखालच्या हम्फ्री मेयर या कारागिराला दिले. म्हणजे घडण कारखान्याची, नाव उस्तादाचं. तेव्हाची हीच रीत. कफनाच्या डोक्यावरच्या गाठीशी चुण्या किती दाट आहेत, ते जरूर पाहा! लंडनच्या १६६६ च्या मोठ्या आगीत जुनं कॅथीड्रल जळालं, पुतळा वाचला. पायाखालच्या अस्थिकलशावर काळे डाग अजून दिसतात.