मणक्यातल्या इंजेक्शननंतर डोकं ठणकतंय

सिझर होऊन तिसरा दिवस. आडवी असले की काही नाही, बाळाला पाजायला उठून बसले की मानेपासून कपाळापर्यंत ठणका. सासूबाई म्हणतात, कानाला वारं लागलं, रुमाल बांध. कुणाला झालंय असं?

— मला झालं होतं. सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपतं, म्हणून बसलं की दुखतं. भूलतज्ज्ञांनाच गाठ. माझं थांबेना, तेव्हा माझ्याच हातातलं वीसेक मिली रक्त काढून पाठीत सोडलं. ब्लड पॅच म्हणतात. तासाभरात बसून चहा प्यायले!

— १८९८ मध्ये मणक्यातली ही भूल पहिल्यांदा वापरणाऱ्या जर्मन सर्जननं, ऑगस्ट बीअरनं, स्वतःच्या पाठीत सुई टोचून घेतली, तोही असाच कित्येक दिवस आडवा होता. ताप, मान आखडणं, पाय बधिर असं काही असेल तर मात्र आत्ताच दवाखाना गाठा.

— ताप नाही. रुमाल बांधलाय, फोनही लावते.