ब्रेक्झिट पुढे ढकलण्यावरची मतदानं : बरोबर की चूक?

रेडिंगची_अनुजा (१४ मार्च २०१९, रात्री)

आत्ताच टीव्ही बंद केला. ४१२ विरुद्ध २०२. म्हणजे ब्रिटनने २९ मार्चला बाहेर पडायचं नाही, युरोपियन युनियनकडे मुदतवाढ मागायची असं कॉमन्सने (संसदेच्या खालच्या सभागृहाने) ठरवलं. तीन दिवस रोज संध्याकाळी स्वयंपाक अर्धवट टाकून हेच बघतेय. मंगळवारी पंतप्रधान थेरेसा मे यांचा युनियनशी केलेला करार दुसऱ्यांदा पडला (२४२ विरुद्ध ३९१), बुधवारी कराराशिवाय बाहेर पडायचं नाही हे ३२१-२७८ ने झालं आणि आज हे.

माझं मत सरळ आहे, मुदतवाढ मागितली हे बरोबरच केलं. २०१७ च्या फेब्रुवारीत याच सभागृहाने ४९८-११४ अशा दणदणीत मतांनी कलम ५० (युनियन सोडायची रीतसर प्रक्रिया) लागू करायच्या विधेयकाला हिरवा कंदील दिला, मार्चच्या २९ तारखेला पत्र गेलं आणि दोन वर्षांचं घड्याळ सुरू झालं, पण तेव्हा नक्की काय हवंय यावर मंत्रिमंडळातच एकमत नव्हतं. घड्याळ आधी सुरू केलं आणि कुठे जायचं ते नंतर ठरवायला बसले. मग आता पंधरा दिवस उरलेत आणि हातात काहीच नाही, तर वेळ मागणं हा दगा कसा? घर बदलताना नवीन घराची किल्ली मिळाली नसेल तर आपण जुन्या घराबाहेर सामान काढून रस्त्यावर बसतो का?

एक गोष्ट मात्र फार लागली. ब्रेक्झिट खात्याचे मंत्री स्टीव्ह बार्कले यांनी चर्चेच्या शेवटी उभं राहून सरकारच्या ठरावाला पाठिंबा द्या असं सांगितलं आणि पाच मिनिटांत जाऊन स्वतः विरोधात मत दिलं. हुजूर पक्षाचे १८८ खासदार आपल्याच सरकारच्या ठरावाविरुद्ध गेले, मजूर पक्षाच्या मतांवर तो पास झाला.

तुम्हाला काय वाटतं?

लेस्टरकर (१५ मार्च)

अनुजा, तुझा जीव तुटतोय हे कळतं पण मी पूर्ण असहमत. मी १९८४ पासून या देशात आहे आणि २०१६ ला बाहेर पडायला मत दिलं, ते लपवत नाही. १ कोटी ७४ लाख लोकांनी मत दिलं, मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते, राहा किंवा सोडा, 'सावकाश सोडा' असा तिसरा नव्हता. २०१७ च्या निवडणुकीत हुजूर आणि मजूर दोघांनी जाहीरनाम्यात लिहून दिलं की निकालाचा मान ठेवू, त्यावर ८० टक्क्यांच्या वर मतं घेतली, आणि आता सभागृहात जाऊन म्हणायचं थोडं थांबा. किती थांबा? कशासाठी थांबा? कालच्या ठरावात याचं उत्तर नाही. २० मार्चपर्यंत करार पास झाला तर ३० जूनपर्यंत, नाही झाला तर आणखी लांब, एवढंच आहे.

तुझं घराचं उदाहरण घेऊ. किल्ली मिळाली नाही म्हणून थांबलीस हे ठीक, पण घरातली निम्मी माणसं मनातून जायलाच तयार नसतील तर किल्ली कधीच मिळणार नाही. कॉमन्समध्ये बहुसंख्य खासदार स्वतः 'राहा'वाले होते हे सगळ्यांना माहीत आहे. हे भिजत घोंगडं ठेवून ठेवून शेवटी फेकून द्यायचा डाव आहे असं माझ्यासारख्याला वाटलं तर आम्हाला अडाणी म्हणू नका.

आणि मी मत का दिलं तेही सांगतो, कारण इथे सगळे धरून चालतात की आम्ही परक्यांचा द्वेष करतो. माझा भाचा नाशिकहून आयटीत आला, व्हिसाची फी, वर दर वर्षाला आरोग्याचा सरचार्ज जो आत्ता जानेवारीत २०० चा ४०० पौंड झाला, कायमचं राहायचं तर पगाराची अट, पाच वर्षं जीव मुठीत. युरोपातून येणाऱ्याला यातलं काहीच नाही. त्या माणसांवर माझा राग नाही, पण नियम सगळ्यांना एक असावा एवढंच माझं म्हणणं.

म्हापशेकर (१५ मार्च)

काका, तुमच्या भाच्याबद्दल वाईट वाटलं, पण दुसरी बाजू पण आहे आणि ती आपल्याच माणसांची आहे. माझा धाकटा भाऊ २०१४ पासून स्विंडनला आहे, गोदामात काम करतो, पोर्तुगीज पासपोर्टवर. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना लिस्बनला नोंदणी करून तो मिळतो हे तुम्हाला ठाऊक असेलच. स्विंडनमध्ये आमचे इतके गोंयकार आहेत की आई म्हणते अर्धा वाडा तिकडेच गेला. त्याच स्विंडनने बाहेर पडायला मत दिलं होतं.

आता तारखेचं महत्त्व सांगतो. कराराशिवाय बाहेर पडले तर बाहेर पडायच्या दिवशी जो इथे राहत असेल तोच जुन्या हक्काने राहू शकतो असं सरकारने डिसेंबरात लिहून दिलं. करार झाला तर २०२० च्या शेवटापर्यंत मुभा. माझ्या चुलतभावाचे लिस्बनचे कागद अजून आलेले नाहीत. त्याच्यासाठी २९ मार्च की ३० जून हा संसदेतला वाद नाही, आयुष्य आहे. तुम्ही म्हणता कशासाठी थांबा, तर यासाठी थांबा.

कोथरूडचा_निखिल (१६ मार्च)

मी बाहेरून बघणारा, मत देण्याचा हक्क नाही पण विचारतो. आपल्याकडे असे १८८ जण पक्षादेश मोडून गेले असते तर पक्षांतरबंदी कायद्याने खासदारकी गेली असती, १९८५ पासून हा कायदा आहे. तिकडे मंत्रीच सरकारविरुद्ध मत देतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत. याला लोकशाही म्हणायचं का अनागोंदी? असं असेल तर कुठलंच सरकार काही करू शकणार नाही.

रेडिंगची_अनुजा (१६ मार्च)

निखिल, मला उलट वाटतं. इथे पक्षाने व्हिप काढून घेतला (म्हणजे पक्षाच्या गटातून काढलं) तरी खासदारकी राहते कारण माणूस मतदारसंघाने निवडलाय, पक्षाने नाही. घंटा वाजते, आठ मिनिटांत दोनपैकी एका लॉबीतून स्वतः चालत जायचं, तिथे नाव लिहून घेतात, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दिसतं कोण कुठून गेलं. जानेवारीत करारावर पहिलं मतदान होतं तेव्हा खासदार ट्यूलिप सिद्दिक यांनी सिझेरियन पुढे ढकलून व्हीलचेअरवरून येऊन मत दिलं, कारण तोपर्यंत दुसऱ्याने आपल्या वतीने मत द्यायची सोयच नव्हती, त्यांच्यामुळे ती आता सुरू झाली. एवढं एकेक मत मोलाचं असेल तर ते खासदाराच्या स्वतःच्या मनाचं असायला हवं ना? मंत्र्याने मात्र विरोधात जायचं तर राजीनामा द्यायला हवा, तिथे तुझं बरोबर.

काका, व्हिसाचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, मी स्वतः त्यातून गेलेय. पण ते नियम लंडनच्या गृहखात्याने केलेत, ब्रुसेल्सने नाही.

लेस्टरकर (१७ मार्च)

केले लंडननेच, पण कशामुळे? युरोपातून येणाऱ्यांची संख्या थांबवता येत नव्हती म्हणून बाकीच्यांवर आवळत गेले. असो, यावर आपलं जमणार नाही.

म्हापशेकर, तुमच्या चुलतभावाचं वाचून मी जरा गप्प बसलो. त्याला हक्क मिळावा असंच मला वाटतं. पण त्यासाठी करार पास करा ना! आयर्लंडच्या बॅकस्टॉपवरून अडून बसलेत म्हणून पास होत नाहीये.

सुमेधा_डब्लिन (१७ मार्च)

बॅकस्टॉप हा नुसता अडथळा असल्यासारखं सगळे बोलतात म्हणून लिहितेय. उत्तर आयर्लंड (ब्रिटनचा भाग) आणि दक्षिण आयर्लंड (युनियनमधला देश) यांच्या सीमेवर आज नाका नाही, पोलीस नाहीत, वेगाच्या पाट्या किलोमीटरच्या मैल होतात एवढंच कळतं. उत्तरेतलं दूध दक्षिणेत प्रक्रियेला येतं, माणसं इकडे राहून तिकडे नोकरी करतात. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराआधी तिथे सैन्याच्या चौक्या होत्या, माझ्या ऑफिसमधली पन्नाशीची माणसं अजून ते सांगताना आवाज खाली करतात. पुन्हा तिथे तपासणी येऊ नये याची हमी म्हणजे बॅकस्टॉप. लंडनमध्ये मतं मोजताना ही सीमा कुणाला आठवत नाही याचा मला खरंच राग येतो.

रेडिंगची_अनुजा (२९ मार्च, रात्री ११ नंतर)

आज रात्री ११ ला बाहेर पडायचं होतं. नाही पडलो. करार तिसऱ्यांदा पडला, २८६ विरुद्ध ३४४. पहिल्यांदा २३० मतांनी, मग १४९, आता ५८. मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात सांगते : १८ तारखेला सभापती जॉन बर्को यांनी १६०४ पासूनची प्रथा दाखवून सांगितलं की तोच प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा आणता येणार नाही. म्हणून आज फक्त बाहेर पडण्याचा करार आणला, सोबतची राजकीय घोषणा (पुढच्या संबंधांबद्दलची) वगळून. युरोपने दोन तारखा दिल्या, करार पास झाला तर २२ मे, नाहीतर १२ एप्रिल. बुधवारी सभागृहाने कामकाज स्वतःच्या हातात घेऊन आठ पर्यायांवर मतं घेतली, आठही पडले.

काका, इथे मी तुमच्याजवळ येते. वेळ मागायला मी हो म्हटलं होतं, पण वेळ मागून त्या वेळात आठ वेळा 'नाही'च म्हणणार असाल तर बघणाऱ्याचा धीर सुटतो. माझाही सुटला आज.

लेस्टरकर (३० मार्च)

मी काल पार्लमेंट स्क्वेअरला गेलो होतो. माझ्या वयाची खूप माणसं होती, कुणी ओरडत होतं, पण बरेचसे नुसते उभे होते. माझ्या शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर, त्याला रडू येत होतं, म्हणाला मी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं होतं. तू टीव्हीवर आकडे बघतेस, मला तो माणूस दिसतो.

म्हापशेकर (२ एप्रिल)

काल रात्री कस्टम्स युनियनचा (युरोपशी एकच जकात ठेवायचा) पर्याय २७३-२७६ ने पडला. तीन मतं! दुसरं सार्वमत हवं असणाऱ्यांपैकी काहींनी त्याला साथ दिली नाही कारण त्यांना पूर्ण राहायचंय. दुसऱ्या बाजूला कडक ब्रेक्झिटवाले मे यांच्या कराराला साथ देत नाहीत कारण त्यांना पूर्ण जायचंय. खासदार निक बोल्स यांनी आपला वेगळा पर्यायही पडल्यावर तिथल्या तिथे हुजूर पक्ष सोडला. मला विचाराल तर या एकाच माणसाने काल खरं बोललं.

कोथरूडचा_निखिल (४ एप्रिल)

अरे ३१३-३१२!! कूपर-लेट्विन विधेयक, पंतप्रधानांना मुदतवाढ मागायलाच लावणारं, एका दिवसात सगळे टप्पे आणि एका मताने पास. आपल्याकडे १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं तो दिवस आठवला, २६९-२७०, आमच्याकडे बाबा रेडिओ कानाला लावून बसले होते.

आणि त्याच दिवशी ३१०-३१० अशी बरोबरी पण झाली, सभापतींनी विरोधात मत टाकलं. ते का? त्यांना तर मुदतवाढवाल्यांचा मित्र म्हणतात ना सगळे?

रेडिंगची_अनुजा (४ एप्रिल)

ती बरोबरी विधेयकावर नव्हती रे, आणखी एक दिवस पर्यायांवर मतदानाला द्यायचा का यावर होती. प्रथा अशी की सभागृहात नसलेलं बहुमत सभापतीने स्वतःच्या मताने तयार करायचं नाही, म्हणून त्यांनी आहे तेच ठेवलं. याआधी असं निर्णायक मत १९९३ ला द्यावं लागलं होतं आणि तेव्हाही विषय युरोपच होता, मास्ट्रिख्ट करार.

लेस्टरकर (४ एप्रिल)

एका मताने सरकारचा हात पिरगाळून देशाचं धोरण ठरवणं मला मान्य नाही. सार्वमतातला फरक जवळपास १३ लाखांचा होता, तेव्हा तुम्ही म्हणालात निसटता निकाल आहे, एवढ्या फरकावर देश बदलू नका. मग हा काय आहे?

रेडिंगची_अनुजा (११ एप्रिल)

काका, या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, आठवडाभर विचार केला. एवढंच म्हणेन की विधेयकाने दार बंद केलं नाही, उघडं ठेवलं. करार आजही पास करता येतो.

ताजी बातमी : काल रात्री उशिरापर्यंत बसून २७ देशांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. सत्तावीसच्या सत्तावीस जणांचं एकमत लागतं, फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन कमी द्या म्हणत होते. युरोपियन परिषदेचे अध्यक्ष टस्क म्हणाले हा वेळ वाया घालवू नका. २२ मेपर्यंत करार पास झाला नाही तर २३ मेला युरोपियन संसदेची निवडणूक इथेही होणार.

म्हापशेकर (११ एप्रिल)

भावाने सेटलमेंटचा (ब्रेक्झिटनंतरही इथे राहता यावं म्हणून) अर्ज भरला. ३० मार्चपासून ६५ पौंडांची फी काढून टाकली म्हणून थांबला होता. पासपोर्ट स्कॅन करायला अँड्रॉइड फोनच लागतो, आयफोनवर होत नाही, त्याच्या रूममेटचा फोन घेतला. चुलतभावाचे कागद अजून लिस्बनलाच आहेत. आता त्याला ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे.

लेस्टरकर (११ एप्रिल)

भावाचं वाचून बरं वाटलं. चुलतभावाचं काय झालं ते कळव.

अनुजा, तुझं नाव मतदारयादीत आहे ना? भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं हे आपल्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. निवडणूक झालीच तर ७ मेपर्यंत नोंदणी आहे. मी २३ मेला बाहेर पडा म्हणणाऱ्यालाच मत देणार, तू दुसऱ्याला दे, पण दे.

रेडिंगची_अनुजा (११ एप्रिल)

आहे काका. नवऱ्याचं नव्हतं, आत्ता बसून भरतेय.