बारावीनंतर कुकिंगचं शिक्षण: इथलं हॉटेल मॅनेजमेंट की अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज? आणि हे ऑनर्स म्हणजे नक्की काय?

केळीबागवाली
नमस्कार सगळ्यांना. मी सावद्याजवळच्या एका गावातली, यंदा बारावी आर्ट्सला आहे. घरी केळीची शेती. मला स्वयंपाकातच करिअर करायचंय हे पक्कं आहे, आवड म्हणून नाही तर खरंच शिकायचंय, आजीकडून खापरावरचे मांडे शिकले तेव्हापासून डोक्यात हेच आहे. पप्पांचं म्हणणं डी.एड. कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे, हॉटेल लाईन मुलींची नाही. आता झालं असं की माझी मावसबहीण अमेरिकेत इलिनॉयला असते, तिने तिथल्या एका कम्युनिटी कॉलेजची माहिती पाठवली, त्यात कलिनरी आर्ट्स आहे, हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंट आहे आणि ऑनर्स प्रोग्राम पण आहे, आणि ती म्हणते दोन वर्षांत होतं. इकडे आमच्या सरांनी सांगितलं की आता आपल्याकडे पण डिग्री ऑनर्सची झाली, चार वर्षांची. मला काहीच कळेना, दोन वर्षांत तिकडे ऑनर्स आणि इकडे चार वर्षांत? आर्ट्सवाल्यांना हॉटेल मॅनेजमेंटला घेतात का? आणि तिसरं, जळगावला एका ठिकाणी चौकशीला गेलो तर ते म्हणाले एका वर्षाचा 'ऑनर्स डिप्लोमा' आहे आणि लगेच दुबईला प्लेसमेंट, पप्पांना ते जरा पटल्यासारखं वाटतंय कारण एकच वर्ष आहे. प्लीज ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा, दिवाळीच्या सुट्टीत निर्णय घ्यायचाय.

भुसावळचा_शेफ
ताई, मी भुसावळचा, आता पुण्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये सीडीपी आहे म्हणजे एक सेक्शन माझ्याकडे असतो. आधी सोप्या प्रश्नाचं उत्तर, आर्ट्स कॉमर्स सायन्स काहीही चालतं, बारावीला इंग्लिश विषय असला पाहिजे आणि पास पाहिजे.

आपल्याकडे मोठे रस्ते दोन. एक सेंट्रलचा, एनसीएचएम जेईई परीक्षा, एनटीए म्हणजे केंद्राची परीक्षा घेणारी संस्था घेते, त्यावरून देशभरातल्या आयएचएमला म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या इन्स्टिट्यूटना बी.एस्सी. हॉस्पिटॅलिटी अँड हॉटेल ॲडमिनिस्ट्रेशनला ॲडमिशन मिळते. आपल्याला जवळची आणि सगळ्यात जुनी म्हणजे मुंबईची दादरची आयएचएम, १९५४ ची आहे, सगळे दादर कॅटरिंगच म्हणतात. पेपरात गणित, रीझनिंग, जीके, इंग्लिश आणि सर्व्हिस लाईनची ॲप्टिट्यूड असते, अवघड नाहीये पण इंग्लिशवर आत्तापासून बस. फॉर्म हिवाळ्यात निघतात, परीक्षा एप्रिल-मेमध्ये. दुसरा रस्ता राज्याचा, बी.एच.एम.सी.टी., म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट अँड कॅटरिंग टेक्नॉलॉजीची चार वर्षांची डिग्री, त्याची सीईटी वेगळी असते, स्टेट सीईटी सेलची, पुण्याला शिवाजीनगरला सरकारी संस्था पण आहे. दोन्ही फॉर्म भर.

पण एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतो. कोर्स 'कुकिंगचा' नसतो. चार डिपार्टमेंट असतात, फूड प्रॉडक्शन, एफ अँड बी सर्व्हिस म्हणजे टेबलावर वाढणं, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सुरुवातीला सगळ्यांना चारही करावं लागतं. बेड लावायचा, ट्रे उचलायचा, गेस्टशी बोलायचं. आमच्या वर्गातल्या कितीतरी पोरांना पहिल्याच वर्षी वाटलं की आपण फसलो, फसलो काही नाही, नंतर किचनमध्ये उभं राहिल्यावर कळतं बाहेर टेबलावर काय चाललंय ते समजलं नाही तर आत ऑर्डर कशी काढणार. मग एक सेमिस्टर हॉटेलमध्ये इंडस्ट्रियल ट्रेनिंग असतं, खरं शिक्षण तिथेच होतं. मी पहिला महिनाभर फक्त कांदा, गाजर, सेलरी कापली आणि स्टॉकची, म्हणजे सूप-सॉससाठी उकळत ठेवतात त्या पाण्याची, भांडी बघितली. दहा-बारा तास उभं राहायचं, सणाला सुट्टी नाही, दिवाळीला आपण घरी नसतो. पप्पांना हे खरं खरं सांग, लपवू नको. मुलींचं म्हणशील तर माझी सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालची, बाई आहे आणि आमच्या किचनमध्ये तिच्याइतकं सॉस कुणाला जमत नाही.

तो एक वर्षाचा ऑनर्स डिप्लोमा, त्यावर मी काही बोलत नाही, खाली कुणीतरी बोलेलच.

रावेरकर_काका
मीच बोलतो. माझ्या पोराचं असंच झालंय. नाव घेत नाही कुणाचं. फी भरली, वर्ष केलं, किचन म्हणजे दोन गॅसच्या शेगड्या आणि एक ओव्हन तोही बंद, परदेशातली प्लेसमेंट म्हणजे एजंटचा नंबर दिला आणि एजंटने वर अजून पैसे मागितले. सर्टिफिकेट घेऊन पोरगा पुढे डिग्रीला गेला तर ते कुठेच धरलं नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोन वर्षं गेली त्याची. म्हणून कळकळीने सांगतो, पप्पांना माझा हा मेसेज वाचून दाखव बेटा. कुठेही पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा. ही संस्था एनसीएचएमसीटीच्या (केंद्राची हॉटेल मॅनेजमेंट कौन्सिल) यादीत आहे का किंवा डीटीईच्या (राज्याचं तंत्रशिक्षण संचालनालय) यादीत आहे का, सर्टिफिकेटवर सही कोणत्या विद्यापीठाची किंवा बोर्डाची, आणि किचन दाखवा. किचन दाखवायला टाळाटाळ केली की उठून यायचं.

एकच वर्षाचं हवं असेल तर सरकारी आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शन ट्रेड असतो, बेकरीचाही असतो, दहावीवर, एक वर्ष, सर्टिफिकेट सरकारी. सगळ्या आयटीआयला नसतो, चौकशी करावी लागते. फी नावापुरती. माझा पोरगा शेवटी तिथूनच उभा राहिला, आज बेकरीत आहे आणि चांगलं चाललंय.

धुळ्याची_इलिनॉयमध्ये
अगं मी पण इलिनॉयमध्येच असते, माहेर धुळे. मी स्वतः इथल्या कम्युनिटी कॉलेजात हॉस्पिटॅलिटी केलंय, लग्नानंतर, त्यामुळे तुझ्या बहिणीने पाठवलेलं मला नीट कळलं. तुझा गोंधळ 'ऑनर्स' या शब्दाचा आहे, तो शब्द दोन देशांत दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात.

भारतात आता नवीन धोरणात तीन वर्षं केली की साधी डिग्री, चौथं वर्ष केलं की ऑनर्स. यूजीसीच्या हिशोबाने १२० क्रेडिट आणि १६० क्रेडिट. म्हणजे ऑनर्स हे एक वर्ष जास्तीचं आहे. इथे अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज हे दोन वर्षांचंच असतं, साधारण ६० क्रेडिटची असोसिएट डिग्री मिळते, आणि ऑनर्स प्रोग्राम म्हणजे त्याच दोन वर्षांत काही विषय जरा खोलात शिकायचे, छोटा वर्ग, जास्त वाचन, एखादा संशोधनाचा पेपर, ग्रेड चांगले टिकवायचे, मग ट्रान्स्क्रिप्टवर म्हणजे मार्कांच्या कागदावर तसं लिहून येतं आणि पुढे मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर घेताना किंवा स्कॉलरशिप मागताना त्याला किंमत असते. फाय थीटा कप्पा म्हणून दोन वर्षांच्या कॉलेजातल्या हुशार मुलांची सोसायटी आहे १९१८ पासूनची, ते पण ह्याच अंगाचं. पण ती ऑनर्स म्हणजे बॅचलर डिग्री नव्हे हे पक्कं लक्षात ठेव. दोन वर्षांनी तुझ्या हातात असोसिएट असणार.

आता त्यातलीही मेख ऐक, मला दीड वर्षाने कळली. कलिनरीची डिग्री बहुतेक ठिकाणी ए.ए.एस. असते, अप्लाइड सायन्स, ती कामाला लागण्यासाठी केलेली आहे, तिचे किचनचे क्रेडिट युनिव्हर्सिटी सगळे धरेलच असं नाही. ए.ए. किंवा ए.एस., म्हणजे आर्ट्स किंवा सायन्सची असोसिएट, ही ट्रान्स्फरसाठीची. तुला पुढे बॅचलर करायचं असेल तर पहिल्याच दिवशी ॲडव्हायझरला विचारायचं की कोणते क्रेडिट पुढे जातात. शिक्षण मात्र उत्तम गं. इथलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमध्येच आहे, जॉलिएट ज्युनियर कॉलेज, १९०१ चं, आणि तिथे कलिनरी आहे. ह्या कॉलेजांत माझ्या बाजूला पन्नाशीच्या बायका शिकत होत्या, सकाळी नोकरी करून संध्याकाळी सूप शिकायला येणारे ड्रायव्हर होते, कुणी कुणाला हसत नाही. सर्व्हसेफचं सर्टिफिकेट कोर्समध्येच करून घेतात, म्हणजे अन्न कोणत्या तापमानाला ठेवायचं, कच्चं मांस आणि सॅलड वेगळं कसं ठेवायचं. मला ते शिकल्यावर आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीतला दुपारचा मठ्ठा आठवून काळजी वाटली.

पण पैशाचं बोलू. कम्युनिटी कॉलेज स्वस्त हे त्या भागात राहणाऱ्यांसाठी. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला दर वेगळा, बराच जास्त. एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसाला आधी पहिल्या वर्षाचा सगळा खर्च बँकेत दाखवावा लागतो, पहिलं वर्ष कॅम्पसच्या बाहेर काम करता येत नाही, कॅम्पसवर कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासच. डिग्रीनंतर एक वर्ष काम करता येतं ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना अजून दोन वर्षं मिळतात तशी कलिनरीला मिळत नाहीत. शेत विकून, कर्ज काढून बारावीनंतर थेट यायचं असेल तर मी तुझी मोठी बहीण म्हणून नको म्हणेन. इथे आधी कर, मग अनुभव घेऊन ये, दार बंद होत नाही.

मेसवाली_देवपूर
पोरी, मी धुळ्यात देवपूरला मेस चालवते, तेरा वर्षं झाली, रोज ऐंशी-नव्वद पोरं जेवतात. मना शिक्षण दहावी. मला अमेरिका-जेईई काही माहीत नाही पण तुझ्या पप्पांना दोन शब्द. बाप्पा, पोरनं मन शे ना, मंग जाऊ द्या तिले.

आणि तुला सांगते, तू खापरावरचे मांडे करते ही लहान गोष्ट नाही. माझ्याकडे हॉटेल मॅनेजमेंट केलेली दोन पोरं कामाला येऊन गेली, हुशार, पण भरिताचं वांगं पऱ्हाट्यांवर भाजायचं सांगितलं तर गॅसवर ठेवून मोकळे. धूरच नाही तर चव कुठून येणार. आपल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय म्हणजे त्या भागाच्या नावाचं सरकारी मानांकन मिळालं, केळीला पण मिळालं, आणि मोठ्या हॉटेलात खान्देशी म्हणून काय देतात तर लाल तर्रीची शेवभाजी, बस. कळण्याची भाकरी कुठे, फौजदारी डाळ कुठे, बिबडे कुठे. शिकायला जाशील तेव्हा आजीकडून सगळी मापं वहीत लिहून घेऊन जा. अंदाजे नको लिहू, वाटीने मोजून लिही. आमच्या सासूबाई गेल्या आणि काळ्या मसाल्याचं माप त्यांच्यासोबत गेलं, मी अजून जुळवतेय.

भुसावळचा_शेफ
काकूंचं एकदम खरं आहे. आमच्या कॉलेजात रिजनल कुझिनमध्ये महाराष्ट्र म्हणजे कोल्हापूर, मालवण आणि वऱ्हाड, खान्देश एका प्रॅक्टिकलमध्ये उरकलं. मी शेफला म्हटलं सर बडगीत, म्हणजे आपल्याकडच्या लाकडी भांड्यात, ठेचलेलं भरीत मी करून दाखवतो, घरून बडगी नेली होती बसमधून. त्यांनी पूर्ण बॅचला ते परत करायला लावलं.

केळीबागवाली
सगळ्यांचे खूप आभार, खरंच. काकांचा मेसेज पप्पांना दाखवला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत मग म्हणाले जळगावचं राहू दे. मेसवाल्या काकूंचा मेसेज आईने वाचला आणि तीच पप्पांना म्हणाली की जाऊ द्या तिला. आता ठरलंय की दोन्ही परीक्षा द्यायच्या, एनसीएचएम आणि सीईटी, अमेरिकेचं नंतर बघू, बहिणीला पण कळवलं, तिला पटलं. पण फीचं टेन्शन आहेच, मागच्या वादळात बाग पडली होती. ओबीसी आहोत, काही होतं का?

रावेरकर_काका
होतं बेटा. २०२४-२५ पासून राज्याने व्यावसायिक कोर्सच्या मुलींना ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे, ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे आणि ॲडमिशन सरकारी कॅप राउंडमधूनच (राज्याची एकत्र प्रवेश फेरी) पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर नाही. होस्टेल-मेसचा खर्च वेगळा धरा.

आणि ऐक, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर आत्ताच काढायला टाका, जूनमध्ये सेतूवर पाय ठेवायला जागा नसते. सेंट्रलच्या परीक्षेला ओबीसीचं सर्टिफिकेट केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही, माझ्या पुतण्याचं तिथेच अडलं होतं. दोन्ही वेगवेगळे काढ. आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग सारखं आहे का ते आज रात्रीच बघून घे.