घरात बारीक झुरळं खूप झाली, कपाशीचं औषध मारलं तर चालते का?

घाटंजीवाली:
नमस्कार. आमचं घर घाटंजीपासून आत खेड्यात आहे, पुढे स्लॅब आणि मागचं सयपाकघर कवेलूचं. उन्हाळ्यात एक जुना फ्रीज घेतला, आणि पाऊस लागल्यापासून रात्री लाईट लावला की ओट्यावरून बारीक बारीक पिवळट झुरळं पळतात, अर्ध्या पेराएवढी. मोरीतून कधी कधी मोठं लाल झुरळ पण निघते, ते उडते. डब्यांच्या मागं काळे कण पडून राहतात, मी आधी चहापत्ती सांडली समजली होती. खडूच्या रेघा ओढून झाल्या, स्प्रे पण मारला, दोन दिवस बंद अन् मग जसंच्या तसं. आता आमचे हे म्हणून राहिले की कपाशीचं औषध उरलं आहे तेच पंपानं मारून टाकू एकदाचं. घरात नऊ महिन्यांची रांगणारी पोरगी आहे म्हणून मला भीती वाटून राहिली. कोणी केलं आहे का असं?

आर्णीचा शेतकरी:
ताई, हात जोडून सांगतो, ते औषध घरात मारू देऊ नका. २०१७ ले आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, माहा चुलतभाऊ तवा आठ दिवस दवाखान्यात होता, अन् तो तर मोकळ्या वावरात फवारत होता. वावरात ऊन लागते, पाणी पडते, हयूहयू औषधाचा जोर जाते. घरात ते भिंतीवर, फरशीवर तसंच बसते, पोरगी त्याच्यावरून रांगन अन् तोच हात तोंडात घालन. उरलेला डबा पण घरात ठेवू नका, बाहेर कुलपात ठेवा. अन् कधी कोनाच्या आंगावर उडालंच तर कपडे काढून साबणानं धुवा, १०८ ले फोन करा अन् डबा संगं घेऊन जा, डॉक्टरले नाव वाचता आलं पायजे.

वर्धा पेस्टवाला:
मी हेच काम करतो म्हणून जरा लांब लिहितो. तुमच्याकडे दोन वेगळी झुरळं आहेत आणि दोघांचा इलाज वेगळा. बारीक पिवळट ते जर्मन झुरळ, डोक्यामागे पाठीवर दोन काळ्या उभ्या रेघा दिसतील, पंख असून उडत नाही. हे बाहेरून चालत येत नाही, जुन्या सामानातून, खोक्यातून, अंड्यांच्या ट्रेमधून येते, माझा पहिला संशय तुमच्या फ्रीजवरच आहे कारण मोटारीची ऊब आणि खालच्या ट्रेमधलं पाणी त्याला दोन्ही मिळते. मादी ३०-४० अंड्यांची पिशवी पोटाला लावून फिरते, त्या पिशवीत स्प्रे शिरत नाही, म्हणून दोन दिवसांनी परत जसंच्या तसं. मोठं लाल ते अमेरिकन झुरळ, दीड इंचाचं, ते नालीत आणि सांडपाण्याच्या पाइपात राहते, घरात फक्त चरायला येते. त्याला मोरीच्या भोकावर बारीक जाळी लावा, रात्री झाकण ठेवा, पाइपाच्या बाजूची फट सिमेंटनं बुजवा, बहुतेक काम तिथंच होते.

बारक्यांसाठी जेल आणा, फिप्रोनिल नाहीतर इमिडाक्लोप्रिडचं, झुरळांचं म्हणूनच येते ते घ्या. फ्रीज सरकवून प्लग काढा, मागची धूळ आणि ट्रे साफ करा, मग मोटारीच्या आजूबाजूला, ओट्याच्या खालच्या सांध्यात, कपाटाच्या बिजागरीत मुगाच्या दाण्याएवढे ठिपके द्या, पोरीचा हात पोचणार नाही अशा जागी. जेल खाऊन एक मेलं की त्याचं मढं आणि विष्ठा खाणारी पण मरतात. त्या जागी स्प्रे किंवा खडू अजिबात नको, वासानं ती जेलला तोंडच लावत नाहीत, हीच चूक बहुतेक लोक करतात.

वरुडची ताई:
मी औषधाआधी कुठं जास्त आहेत ते बघून घेतलं होतं. काचेच्या बरणीत आतून काठाला व्हॅसलीन लावायचं, आत पावाचा तुकडा नाहीतर कांदा, रात्री तीन-चार जागी ठेवायच्या, सकाळी कोणत्या बरणीत जास्त पडली ते मोजायचं. माझ्याकडे गॅसच्या शेगडीखाली निघाली, मी उगाच देवघरात शोधत होती. आणि पाणी बंद करा बाई, खाण्याविना ती महिनाभर काढतात पण पाण्याविना नाही. रात्री ओटा कोरडा, खरकटी भांडी घासलेली, माठाखालचं पाणी पुसलेलं. बोरिक पावडर पण चालते, पण पातळ, पिठाच्या चाळणीतून पडल्यासारखी, ढीग केला तर ती वळसा घालून जातात. लहान लेकरू आहे तर जमिनीवर नकोच. माझ्या पोराला दम्याचा त्रास आहे, झुरळाच्या विष्ठेनं तो वाढतो असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून मी हे मनावर घेतलं.

घाटंजीवाली:
सगळ्यांचे आभार. आर्णीच्या दादांचं वाचून दाखवलं, हे काही बोलले नाही, डबा उचलून गोठ्याच्या पेटीत कुलपात ठेवून आले. आज दुपारी फ्रीज सरकवला, मागच्या जाळीत इतकी होती की माझ्या अंगावर काटाच आला, दोन रेघावालीच. तपकिरी शेंगेसारख्या पिशव्या पण सापडल्या, त्या चुलीत टाकल्या. जेल उद्या बाजारातून आणते. एकदाच लावून होते का परत लावा लागते?

वर्धा पेस्टवाला:
परत लावा लागते ताई. दहा-बारा दिवसांनी ठिपके बघा, खाल्ले असतील किंवा वाळले असतील तिथं नवे द्या. अंड्यातून निघालेली पिल्लं मोठी होऊन अंड्यावर यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर सोडू नका. बिनपंखांचे बारके काळे किडे दिसले तर ते वेगळे नाहीत, याचीच पिल्लं आहेत. आणि तो फ्रीज ज्यांच्याकडून घेतला त्यांनाही सांगून ठेवा, त्यांच्या घरी पण असणार.