आयुष्मान टीजी प्लसमधून टॉप सर्जरी कोणाची झालीये का? आधी कागद की आधी डॉक्टर?

सावळा_गोंधळ
नमस्कार मंडळी. मी ट्रान्स मॅन (जन्माला मुलगी म्हणून नोंद, पण मी पुरुष), बराच काळ टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर आहे, आता टॉप सर्जरी, म्हणजे छाती सपाट करायचं ऑपरेशन, करायचीये. प्रायव्हेटमध्ये जो आकडा सांगितला तो माझ्या पगारात बसणं शक्य नाही आणि घरून एक पैसा मिळणार नाही (घरच्यांना सध्या एवढंच माहितीये की माझा घसा बसलाय, तो बसलेलाच आहे).

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ट्रान्सजेंडर लोकांसाठीच्या आयुष्मान भारत टीजी प्लस या आरोग्य योजनेचा करार केला, वर्षाला ५ लाखांचं कव्हर, त्यात सर्जरीपण येते असं वाचलं होतं. आता २०२४ चालू आहे, दोन वर्षं झाली, माझ्या ओळखीत त्यातून ऑपरेशन झालेला एक माणूस नाही. एका हॉस्पिटलच्या आयुष्मान काउंटरवर गेलो तर मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये बघितल्यासारखं केलं, "असलं काही कार्ड नसतं" म्हणाल्या, आणि वर "कशाचं ऑपरेशन?" हे अख्ख्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं. बरं, ट्रान्सजेंडर ओळखपत्रासाठी सरकारी पोर्टलवर अर्ज टाकलाय तर ऑफिसातून फोन आला, मेडिकल रिपोर्ट जोडा. म्हणजे ऑपरेशनसाठी सर्टिफिकेट पाहिजे आणि सर्टिफिकेटसाठी ऑपरेशनचा कागद पाहिजे? कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

फॉर्मवाली_ताई
अरे थांब, रिपोर्ट अजिबात देऊ नकोस. हे फॉर्म भरून द्यायचं काम मी रोज करते आणि हा फोन अर्ध्या लोकांना येतो.

२०१९ च्या ट्रान्सजेंडर हक्कांच्या कायद्यात दोन वेगळी कलमं आहेत आणि ऑफिसात बसलेले लोक ती एकात एक मिसळतात. कलम ६ म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारं ट्रान्सजेंडर ओळखीचं प्रमाणपत्र. त्याला आज, २०२४ मध्ये, तुझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरतं, २०२० च्या नियमांत सरळ लिहिलंय की वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता द्यायचं, आणि ३० दिवसांत द्यायचं. कलम ७ हे सर्जरीनंतरचं, ज्याला कागदावर पुरुष किंवा स्त्री असा बदल पाहिजे त्याच्यासाठी, तिथे हॉस्पिटलच्या मेडिकल सुपरिटेंडंटचा किंवा सीएमओचा (मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा) दाखला लागतो. तुझा अर्ज कलम ६ चा आहे आणि ते तुझ्याकडे कलम ७ चा कागद मागतायत.

फोनवर वाद घालत बसू नकोस, म्हणावं "साहेब, हे मला लेखी द्या". नियमाचा उतारा जोडून एक साधा अर्ज आवक-जावकला दे आणि शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेव. लेखी मागितलं की बरेचसे रिपोर्ट आपोआप लागेनासे होतात 😀 आणि नाकारलंच तर कारण द्यावं लागतं, त्याच्यावर ९० दिवसांत अपील करता येतं.

टीजी प्लसला पोर्टलचं हेच प्रमाणपत्र लागतं, आणि दुसऱ्या कुठल्या सरकारी योजनेतून तोच लाभ चालू नसला पाहिजे. त्यामुळे आधी कागद.

रात्रपाळीचा_सर्जन
ताईंनी कागदाचं सांगितलं, मी दुसऱ्या बाजूचं सांगतो. सरकारी मेडिकल कॉलेजात प्लास्टिक सर्जरीला रेसिडेंट आहे.

योजनेत पॅकेज आहे याचा अर्थ ते प्रत्येक आयुष्मान हॉस्पिटलात मिळतं असा नाही. हॉस्पिटल पॅनेलवर पाहिजे, त्या स्पेशालिटीसाठी पाहिजे, आणि मुख्य म्हणजे ते ऑपरेशन करणारा माणूस तिथे पाहिजे. हा तिसरा मुद्दा सगळं अडवतो. टॉप सर्जरी त्यातल्या त्यात सोपी, आम्ही तसंही छातीची कामं रोज करतो. बॉटम सर्जरी (जननेंद्रियांची), त्यातही फॅलोप्लास्टी (लिंग तयार करायची), म्हणजे टप्प्याटप्प्याने होणारी अनेक ऑपरेशन्स, मायक्रोसर्जरीची टीम, युरॉलॉजी, ते सगळं असलेल्या जागा थोड्या आहेत आणि तिथली टीम फुटली, एक सर बदली होऊन गेले की अख्खं युनिट बंद पडतं.

म्हणून काउंटरपासून सुरुवात करूच नका. काउंटरवरच्या माणसाला पॅकेजचा कोड माहीत असतो, पेशंट माहीत नसतो. आधी सरळ प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत केसपेपर काढून या, "तुमच्या युनिटला ही सर्जरी होते का आणि शेवटची कधी केली" हे विचारा, संकोच करू नका. हो म्हणाले तर युनिटच प्री-ऑथला, म्हणजे योजनेच्या आगाऊ मंजुरीला, पाठवतं. काही ठिकाणी योजना लागतसुद्धा नाही, सरकारी दरात होऊन जातं, फक्त वेटिंग लांब.

आणखी एक. सायकियाट्रिस्टचं पत्र लागेल. डब्ल्यूपॅथ या ट्रान्सजेंडर आरोग्यावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांच्या आठव्या आवृत्तीत, म्हणजे २०२२ च्या, एकच पत्र पुरे म्हटलंय, सातवीत जननेंद्रियांच्या सर्जरीला दोन होती आणि छातीला तेव्हाही एकच होतं. तरी जुन्या सवयीने सगळ्यालाच दोन मागणारे डॉक्टर आहेत, भांडण्यापेक्षा दुसरं घेऊन टाकणं स्वस्त पडतं असं माझं मत. पण कोणी "अप्रूव्हल पटकन मिळावं म्हणून निदान वेगळंच लिहू" म्हणालं तर नाही म्हणा. क्लेम तपासताना सापडतं, रिजेक्ट होतं आणि पुढे कलम ७ ला तोच कागद आडवा येतो.

सरळ_बोलतो
राग मानू नका पण कॅन्सरवाल्यांना बेड मिळत नाहीत आणि टॅक्सच्या पैशातून हे? ज्याला करायचंय त्याने स्वतःच्या खर्चाने करावं.

निर्वाणानंतर
राग मानायचं सोडून दिलंय दादा, उत्तर देते. माझ्या पिढीच्या बऱ्याच जणींनी स्वतःच्या खर्चानेच केलं. दाईकडे, म्हणजे डॉक्टर नसलेल्या बाईकडे, भूल न देता, आणि नंतर लघवीची वाट आक्रसली, इन्फेक्शन झालं, की त्याच सरकारी दवाखान्यात तुमच्याच टॅक्समधून महिनोन्‌महिने उपचार. जी उठलीच नाही तिचा हिशोब कुणी ठेवला नाही. तमिळनाडूने हे आपल्या आधी कितीतरी वर्षं ओळखलं, २००८ ला वेल्फेअर बोर्ड काढलं आणि सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन फुकट सुरू केलं, आमच्यातल्या कितीतरी जणी तिकडे जाऊन आल्या. आणि कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या कायद्याचं कलम १५ वाचा, सर्जरी, हार्मोन्स, लेझर, सगळ्याला विमा देण्याचं सरकारनेच लिहून दिलंय. कॅन्सरवाल्याचा बेड माझ्यामुळे गेला नाही, बेड मुळात कमी आहेत, त्याच्यासाठी चला, मी तुमच्यासोबत मोर्च्याला येते.

सरळ_बोलतो
दाईचं माहीत नव्हतं. बेडवाल्या मुद्द्यावर मी आहे तिथेच आहे.

सावळा_गोंधळ
ताई, अर्ज लिहिलाय, उद्याच देतो. डॉक्टर, ओपीडीत जाताना हार्मोन्स बंद करून जायचं का? आणि कोणी सांगेल का योजनेत न येणारा खर्च किती धरायचा?

रात्रपाळीचा_सर्जन
मनाने काही बंद करू नका, ॲनेस्थेशियावाले आणि तुमचे एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सचे डॉक्टर) ठरवतील. टॉप सर्जरीला हार्मोन्सवर असणं सक्तीचंही नाहीये. सिगारेट असेल तर ती मात्र आजपासून बंद, नाहीतर निपल ग्राफ्ट (काढून परत बसवलेलं स्तनाग्र) धरत नाही.

निर्वाणानंतर
आकडा नाही सांगत, प्रत्येकाचा वेगळा. पण हे धर भावा: ऑपरेशननंतर हॉस्पिटलजवळ राहायची सोय, कारण ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढायची नळी) काढायला, टाके बघायला परत बोलावतात आणि गावाहून एसटीने हेलपाटे मारणं त्या अवस्थेत जमत नाही. कॉम्प्रेशन बनियन दोन तरी, एक धुवायला टाकलं की दुसरं. हात डोक्यावर नेता येत नाही काही आठवडे, त्यामुळे बिनपगारी सुट्टी किती पडेल ते ऑफिसात आधीच विचार. आणि सोबत राहायला माणूस, हे पैशात मोजत नाहीत पण वॉर्डात सगळ्यात आधी तेच विचारतात, "पेशंटबरोबर कोण आहे?" घरच्यांना सांगणार नसशील तर मित्राचं नाव आणि नंबर आत्ताच पक्का कर, आणि त्याला रजा टाकायला सांग.