मदत हवी आहे: बक्षीस नसलेला 'युवा कार्यक्रम' पंचायतीला कसा पटवायचा?

नमस्कार मंडळी. गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका गावात युवक मंडळ चालवतो. चालवतो म्हणजे काय, दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याआधीचे पंधरा दिवस मंडळ जोरात असतं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पोरं कागद चिकटवतात, कॉलेजातला मुलगा आणि वेल्डिंगवाला एकाच सांगाड्याला लटकलेले असतात. चतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जळला की मंडळही विझतं, ते थेट शिगम्यापर्यंत. मधे एखादी क्रिकेट टुर्नामेंट.

गेल्या पावसाळ्यात यातल्याच एका मुलाचा रात्री अकराला फोन आला. मोपा विमानतळावर शिफ्टमध्ये कामाला आहे. तासभर इकडचं तिकडचं बोलला आणि फोन ठेवता ठेवता बाईकचे चार हप्ते थकल्याचं सांगितलं. घरी माहीत नव्हतं. तेव्हापासून डोक्यात आहे की समाजगृह आठवड्यातून तीन संध्याकाळी नुसतं उघडं ठेवावं. कॅरम, पेपर, आणि ऐकून घेणारं एखादं मोठं माणूस. भाषण नको, स्पर्धा नको.

पंचायतीत गेलो. सरपंच माणूस चांगला, पण पहिला प्रश्न, "बक्षीस किती ठेवणार?" दुसरा, "उद्घाटनाला कोण?" शेवटी म्हणाले, सरकारी धोरणाचा आधार देऊन एक पानी टिपण आणा.

म्हणून वाचायला बसलो. देशाचं पहिलं राष्ट्रीय युवा धोरण १९८८चं. २००३च्या धोरणात युवा म्हणजे १३ ते ३५, २०१४च्या धोरणात १५ ते २९. मी ३३चा, म्हणजे जुन्या कागदावर तरुण, नव्यावर बाद! शिक्षण, रोजगार, आरोग्य, खेळ, सगळं त्यात आहे. संध्याकाळी सहाला कुलूप कोण काढणार, ते नाही. आणि ग्रामसभेत बसतात मतदार. म्हणजे पंधरा-सोळाची मुलं धोरणात युवा आहेत, पण खोली मागायला ग्रामसभेत उभी राहू शकत नाहीत.

तर टिपणात काय लिहू? कोणी असं काही चालवलं आहे का? आणि मुली येतील असं काय करावं? आमच्याकडे दहावीनंतर त्या मंडळात दिसतच नाहीत.

माजी_एनएसएसवाला: धोरणातले उतारे नका टाकू, पंच वाचणार नाहीत. तास लिहा. एनएसएस, म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना, १९६९पासून टिकली त्यात हिशेबाचा वाटा मोठा आहे: वर्षाला १२० तास, वर सात दिवसांचं शिबिर. कागदावर मोजता येतं. तुमचे आठवड्याला तीन दिवस, दोन-दोन तास, महिन्याला साधारण २४ तास. हजेरीची वही ठेवा. अठराच्या खालच्यांसाठी पालकांची चिठ्ठी घ्याच.

वाळपयची_माई: मुलींचं मी सांगते. सहा ते आठ ठेवलंत तर एकही येणार नाही, दिवेलागणीनंतर घरून सोडत नाहीत. साडेचार ते सहा करा आणि आत एक बाई हवी, शक्यतो गावातलीच. आमच्याकडे आधी शिवणाचं निमित्त काढलं. दोन महिन्यांनी मशीन कोपऱ्यात गेली, गप्पा राहिल्या. आणि कॅरमभोवती मुलग्यांचा गराडा पडतो, दोन बोर्ड घ्या.

फोंडेकर: स्पष्ट बोलतो, राग नको. अशा खोल्यांचे महिन्याभरात पत्त्यांचे अड्डे होतात. पगारी माणूस नसेल तर नाद सोडा. इंग्लंडात युवकांच्या कामावरच्या १९६०च्या अल्बेमार्ल अहवालानंतर युवक क्लबच्या इमारतींबरोबर माणसं तयार करायचं कॉलेजही लेस्टरला काढलं होतं. आपण फक्त इमारती बांधतो.

माजी_एनएसएसवाला: फोंडेकरांचं अर्धं बरोबर. पण पगार मागितलात तर टिपण तिथेच मेलं. आधी तीन महिन्यांची मुदत मागा.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. माई, वेळ बदलतो. शेजारच्या निवृत्त अंगणवाडी सेविका बसायला तयार आहेत, आजच विचारलं. पगाराचं वाक्य खोडलं, तीन महिने लिहिले. आता अडलंय ते किल्लीवर. पंचायत म्हणते किल्ली कार्यालयातच राहील, आणि कार्यालयाला संध्याकाळी टाळं असतं. दुसरी किल्ली मागायचा अर्ज कोणाच्या नावे करतात, मंडळाच्या की माझ्या?